कोल्हापूरचे चित्रपट आणि चलचित्राचे संपीडन

बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ हा मूकपट १९२० साली प्रदर्शित झाला. पुढे १ जून १९२९ रोजी कोल्हापुरातच ‘प्रभात’ची स्थापना झाली, तिचा ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) हा बोलपट येथेच तयार झाला व १९३३ साली ती संस्था पुण्यास गेली. ‘अयोध्येचा राजा’ आजही पाहावयास मिळतो. ‘सैरंध्री’ मिळत नाही. हा भेद कलागुणांचा नसून प्रती टिकण्या-न टिकण्याचा आहे. आजच्या संकलकापुढे ‘एक्सपोर्ट’ करताना जो प्रश्न येतो, त्याचे मूळ येथेच सापडते.

फिल्मच्या काळात संकलक पॉझिटिव्ह प्रतीवर काटछाट करी. तिच्याबरहुकूम निगेटिव्ह जुळविली जाई व तीवरून चित्रपटगृहांसाठी प्रती निघत. बोलपटाची ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटास ९० फूट धावते. म्हणजे दोन तासांस १०,८०० फूट. खेळागणिक प्रदर्शनाची प्रत झिजे. निगेटिव्ह जपून ठेवता येई. प्रत फिरण्यासाठी व निगेटिव्ह टिकण्यासाठी, ही विभागणी त्या पद्धतीतच अंतर्भूत होती.

संगणकाच्या युगात ही विभागणी सहज पुसली जाते. १९२० × १०८० बिंदूंची एक चौकट असंपीडित ठेवल्यास सुमारे ६२ लाख बाइट लागतात. सेकंदास २४ चौकटी धरल्यास एका तासाला सुमारे ५३७ गिगाबाइट होतात. तेच चित्र प्रतिसेकंद १ कोटी बिट या दराने साठविले, तर साडेचार गिगाबाइट पुरतात. ही काटकसर पुनरुक्ती वगळून साधते. ‘ती मुलगी आली’ या वाक्यात स्त्रीलिंग तीनदा सूचित होते. चित्रातही लगतच्या चौकटींत बहुतेक भाग तोच असतो. म्हणून एक चौकट पूर्ण ठेवून पुढील चौकटींत केवळ बदल नोंदविला जातो. डोळ्यास प्रकाशापेक्षा रंगाचा बारकावा कमी जाणवतो, म्हणून रंगाची माहिती विरळ केली जाते. शेवटी सूक्ष्म तपशील स्थूलमानाने लिहिला जातो. या अखेरच्या कृतीस आधारभूत असलेले गणित बंगळुरात जन्मलेले नासिर अहमद, टी. नटराजन व के. आर. राव यांनी १९७४ साली प्रसिद्ध केले. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एच.२६४ या प्रमाणातही त्याच तत्त्वाचा उपयोग आहे.

परंतु पुनरुक्ती निरर्थक नसते. गोंगाटात एखादा शब्द ऐकू आला नाही, तरी उरलेल्या शब्दांवरून लिंग कळते. संपीडित चित्रात असा आधार उरत नाही. आधाराची चौकट बिघडली, की पुढील पूर्ण चौकट येईपर्यंतचा भाग विस्कटतो. शिवाय स्थूल केलेला तपशील परत मिळत नाही, आणि पुनःपुन्हा संपीडन केल्यास हानी साचत जाते. फाईलच्या नावापुढील ‘एमपी४’ वा ‘एमओव्ही’ ही अक्षरे केवळ पेटीचे नाव सांगतात. आतील संपीडनाची रीत त्यावरून कळतेच असे नाही.

यास्तव संकलकाने दोन एक्सपोर्ट करणे अगत्याचे ठरते: एक अल्पसंपीडित, जतनासाठी, दुसरा त्यावरूनच काढलेला लहान, प्रसारासाठी. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्म जळाल्या. मूळ नष्ट झाल्यावर हाती उरते ती प्रतच. आणि त्या प्रतीत जे ठेवले असेल, तेवढेच पुढील अभ्यासकास उपलब्ध होते. आज केवळ लहान फाईल राखणारा संकलक उद्याच्या संशोधकासाठी नवी ‘सैरंध्री’ निर्माण करीत असतो.