शिष्यवृत्तीचा कैवार

सरकारी मदत कमी झाली असें जाहीरपणें कोणी सांगत नाहीं. ती उशिरां येते. किंवा तिच्या नियमांतील एखादें कलम एके वर्षीं निराळ्या अर्थानें वाचलें जातें. किंवा संस्था आजवर जो भार आपल्या अंगावर घेत असे, तो ती हळूच विद्यार्थ्याच्या अंगावर उतरविते. देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेंत २१ फेब्रुवारी २०१८ रोजीं जो संप सुरू झाला, त्याचें कारण या तिसऱ्या प्रकारचें होतें. तो संप तेथील विद्यार्थिसंघानें, म्हणजे विद्यार्थ्यांनीं मतें देऊन निवडलेल्या मंडळानें, पुकारला होता; आणि याच गोष्टीकडे ठाणें व कल्याण-डोंबिवलीकडील वाचकांचें लक्ष आम्हांस वेधावयाचें आहे. पण ज्या शिष्यवृत्तीवरून हा कलह माजला, तिची पूर्वपीठिका आधीं पाहिली पाहिजे.

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ति या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या या योजनेचें जनकत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांजकडे जातें. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीं दिलेल्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ सालीं अमेरिकेस गेले. पुढें लंडनचा अभ्यास चालू असतां तिची मुदत संपली, आणि १९१७ सालीं हातचें काम टाकून त्यांस परतावें लागलें. मदत मध्येंच तुटली म्हणजे काय होतें, हें त्यांस पुस्तकांतून शिकावयाचें नव्हतें. १९४२ सालीं ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळांत मजूर खात्याचे सभासद झाले, आणि त्याच वर्षीं अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचें एक विस्तृत निवेदन त्यांनीं लॉर्ड लिनलिथगो यांस सादर केलें. त्यांतील शिक्षणविषयक युक्तिवाद मार्मिक आहे: काशी व अलीगड येथील विद्यापीठांस सरकार दरसाल तीन तीन लाख रुपये देतें, तर ज्या समाजास स्वतःचें विद्यापीठ काढण्याची ऐपत नाहीं, त्याच्या मुलांच्या उच्च शिक्षणासाठीं तितकेच कां देऊं नयेत? तीन लाखांची तरतूद मंजूर झाली व १९४४ सालीं योजना सुरू झाली. १९४८ पासून ती अनुसूचित जमातींसही लागू झाली.

पुढें तिचा विस्तार पुष्कळ झाला, पण सांगाडा तोच राहिला: एक भाग शुल्काचा, दुसरा निर्वाहभत्त्याचा. भत्त्याचे २०१० सालीं ठरलेले दर पुढें दहा वर्षें चालले. साध्या बी. ए., बी. कॉम.चा विद्यार्थी वसतिगृहांत राहत असेल तर त्यास दरमहा ५७० रुपये. घरून येत असेल तर ३००. आमच्या ठाणें जिल्ह्यांतील बहुतेक मुलें घरूनच येतात. घरून येणें म्हणजे बिनखर्चाचें येणें, असें दर ठरविणारांस वाटलें असावें. टिटवाळ्याहून किंवा दिव्याहून सकाळच्या गाडीस लोंबकळत येणाऱ्यांस तसें वाटत नाहीं. असो.

देवनारची गोष्ट निराळी. तेथें देशभरचीं मुलें राहतात, व शिक्षणशुल्काच्या जोडीस खोलीचें भाडें आणि भोजनगृहाचा आकार असतो. अनुसूचित जाति-जमातींच्या पात्र विद्यार्थ्यांकडून संस्था हे पैसे आगाऊ घेत नसे. सरकारकडून येतील तेव्हां येतील, असा तिचा रिवाज होता. इतर मागास वर्गांची सवलत त्यापूर्वींच गेली होती. आतां वसतिगृह व भोजन यांचे पैसे या मुलांनींही भरावे असें ठरलें, आणि तेंही आधींच प्रवेश घेऊन बसलेल्या तुकड्यांस लागू केलें. संस्थेची बाजू अगदींच लंगडी होती असें आम्हांस वाटत नाहीं. येणें थकत होतें, तूट वाढत होती. खर्चाच्या वांटणीचें जें सूत्र त्या काळीं चालू होतें, त्यामुळें योजनेचा भार राज्यांवर पडत गेला. २०१७-१८ ते २०१९-२० या तीन वर्षांत केंद्राकडून सबंध देशास दरसाल सुमारें ११०० कोटी रुपयेच मिळत. केंद्रानें राज्याकडे बोट दाखवावें, राज्यानें संस्थेस थांबावयास सांगावें, संस्थेनें विद्यार्थ्याकडे पावती मागावी, असा हा उतरता जिना होता.

विद्यार्थिसंघानें मुख्य दरवाजावर ठाण मांडलें व वर्ग बंद पाडले. तुळजापूर, हैदराबाद व गुवाहाटी येथील शाखांतही संप झाला. संघाच्या मागणीचें स्वरूप आम्हांस विशेष वाटतें. तींत गरिबीचें वर्णन करून दया भाकलेली नव्हती. ज्या अटींवर प्रवेश दिला त्या अटी पाळा, एवढेंच तिचें सार. संपास सर्व कांहीं मिळालें असें नाहीं. २३ डिसेंबर २०२० रोजीं केंद्रीय मंत्रिमंडळानें पांच वर्षांसाठीं ५९,०४८ कोटींची योजना मंजूर करून त्यांतील ६० टक्के भार केंद्रावर घेतला खरा. पण त्याचें श्रेय देवनारच्या मुलांस देणें इतिहासाच्या शिस्तीस धरून होणार नाहीं.

मग हीच अडचण सोसणाऱ्या ठाणें-कल्याणच्या महाविद्यालयांतून आवाज कां उठला नाहीं? मुंबईंत १९८९ सालीं निवडणुकीच्या वैरांतून एका विद्यार्थी कार्यकर्त्याचा खून झाला. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानें थेट निवडणुका बंद केल्या, आणि वर्गांत पहिला येणारा मुलगा वर्गाचा प्रतिनिधि होऊं लागला. गुणपत्रिकेवरून निवडलेला प्रतिनिधि स्नेहसंमेलन उत्तम पार पाडतो. शिष्यवृत्तीच्या खिडकीशीं त्याचा संबंध असतोच असें नाहीं. अमेरिकेंत १९८२ सालीं रेगन सरकारच्या कपातीविरुद्ध विद्यार्थी राजधानीस जाऊन लोकप्रतिनिधींस भेटले, तें त्यांच्या मागें त्यांनींच निवडलेलीं मंडळें होतीं म्हणून. आमच्याकडे २०१६ च्या कायद्यानें निवडणुका पुन्हां मान्य केल्या. २०१९ सालीं त्या ठरल्याही, आणि लागलीच पुढें ढकलल्या गेल्या.

त्याच सुमारास आमच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारलें कीं, दोन वर्षांची शिष्यवृत्ति आली नाहीं याबद्दलचा अर्ज कोणाच्या नांवें लिहावा. प्राचार्यांच्या, समाजकल्याण खात्याच्या, कीं बँकेच्या? आम्हीं तिन्ही नांवें सांगितलीं. त्यानें अर्जाच्या तीन प्रती काढल्या, आणि तिन्हींवर एकट्याचीच सही केली.