मार्कंड्याचे ओबडधोबड खांब

मार्कंड्याचा विषय निघाला की ‘विदर्भाचे खजुराहो’ हे विशेषण ओघानेच येते. त्यात गौरव आहे खरा. परंतु ज्या गावाला स्वतःचा इतिहास आहे, त्याने दुसऱ्याच्या नावाने का ओळखले जावे, हे मला कधी उमगले नाही.

चामोर्शीजवळ वैनगंगेच्या काठी हे लहानसे गाव वसले आहे. 1982 मध्ये गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, तोवर हा मुलूख चंद्रपुरात, म्हणजे जुन्या चांदा जिल्ह्यात मोडत असे. दक्षिणेकडे धावणारी नदी येथे वळून उत्तरवाहिनी होते, म्हणून हे क्षेत्र पवित्र. महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते. अल्पायुषी मार्कंडेयाने शिवलिंगाला मिठी मारली आणि यमाला रिकाम्या हाताने परतावे लागले, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. मौज अशी की, ऋषीच्या आवारात यमाचेही देऊळ आहे!

1873 ते 1875 या काळात मध्य प्रांतात हिंडताना अलेक्झांडर कनिंगहॅम येथे आला. तटाच्या आतील देवळांचा समूह पाहून त्याला खजुराहो आठवले. दहाव्या-अकराव्या शतकातील शिल्पींनी मुख्य देवळाच्या भिंतींवर देव, सुरसुंदरी व व्याल यांच्या रांगाच्या रांगा कोरल्या आहेत. पाहणारा तेथेच गुंगतो.

माझे मन मात्र आतल्या खांबांपाशी घोटाळते. या देवळावर वीज पडली, शिखराचा भाग ढासळला आणि मंडपाचे छत फुटले. मग चांद्याच्या एका गोंड राजाने ते सावरले, असे सांगतात. त्यासाठी आत जाडजूड खांब व कमानी उभारल्या गेल्या. त्यांवर नक्षी नाही, प्रमाणबद्धता नाही. कलेच्या अभ्यासकांना ते खुपतात. पण ते नसते, तर अभ्यासकांना पाहावयास काय उरले असते?

मूळ देऊळ बांधणाऱ्याला कीर्ती मिळते, पडते देऊळ तोलून धरणाऱ्याच्या वाट्याला मात्र नाक मुरडणे येते. 1751 मध्ये चांद्याचे राज्य भोसल्यांच्या हाती गेले. गोंड राजांच्या मागे उरलेल्या खुणांपैकी ही एक नम्र खूण आहे. अलीकडे पुरातत्त्व खात्याने शिखराचे दगड उतरवून पुन्हा रचण्याचे काम काढले, आणि ते वर्षानुवर्षे रेंगाळले. नव्या शास्त्राला ज्याला इतका वेळ लागतो, ते त्या अनाम गवंड्यांनी हाताशी होते त्या साधनांनी निभावले. जीर्णोद्धार करताना जुन्या शिल्पांइतकीच त्या गवंड्यांचीही आठवण राखली जावी, एवढेच माझे मागणे आहे.