सॉसेजच्या विषापासून पोटातल्या बोटॉक्सपर्यंत

"डॉक्टर, पोटात बोटॉक्सचं इंजेक्शन घेतलं की वजन उतरतं म्हणे. चिरफाड नाही, टाके नाहीत. सकाळी नागपूरला जायचं, संध्याकाळी भंडाऱ्याला परत. घेऊ का?"

हल्ली हा प्रश्न मला विचारला जातो. उत्तर देण्याआधी या औषधाची जुनी गोष्ट ऐका, कारण उत्तर तिच्यातच आहे.

दोनशे वर्षांपूर्वी जर्मनीत वुर्टेमबर्ग भागात लोक सॉसेज, म्हणजे आतड्याच्या पिशवीत भरलेलं मांस, खाऊन मरत होते. युस्टिनस केर्नर नावाच्या डॉक्टरने (हे गृहस्थ कवीही होते) अशा रुग्णांची बारकाईने नोंद केली: पापण्या खाली येतात, एकाचे दोन दिसतात, तोंड कोरडं पडतं, घास गिळता येत नाही, शेवटी श्वास थांबतो. शुद्ध मात्र शाबूत असते. 1822 साली त्याने यावर पुस्तक लिहिलं. या विषाचा प्रयोग त्याने स्वतःवरही केला आणि अगदी थोड्या मात्रेत ते औषध ठरू शकेल, असंही सुचवलं.

1895 मध्ये बेल्जियममधल्या एलेझेल गावात अंत्ययात्रेला वाजवायला आलेल्या वादकांनी डुकराचं खारवलेलं मांस खाल्लं. त्यातले तिघे दगावले. त्या मांसातून एमिल व्हान एर्मेन्गेम यांनी विष तयार करणारा जिवाणू शोधून काढला. हे फक्त मांस खाणाऱ्यांचं दुखणं आहे असं समजू नका. 1996 साली गुजरातमधल्या एका निवासी शाळेतल्या मुलांना अशीच विषबाधा झाली, तेव्हा संशय बेसनाच्या शेवेवर गेला होता.

केर्नरची कल्पना खरी केली अमेरिकेतल्या ॲलन स्कॉट या नेत्रतज्ज्ञाने. तिरळ्या डोळ्याचा ओढणारा स्नायू त्याने या विषाच्या कणभर मात्रेने सैल केला. नस स्नायूला जो निरोप देते तो हे औषध साधारण तीन महिने अडवतं. 1989 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. चेहऱ्याच्या सुरकुत्यांसाठीचा वापर नंतरचा.

मग जठराची पाळी आली. जठराचा खालचा भाग अन्न घुसळून पुढे ढकलतो. तो सैल केला तर जेवण पोटात जास्त वेळ राहील, भूक कमी लागेल, असा विचार. 2000 साली इटलीत उंदरांवर हे जमलं. 2003 मध्ये जर्मनीतून माणसावरच्या वापराची माहिती प्रसिद्ध झाली. पुढच्या छोट्या अभ्यासांत कुठे वजन उतरलं, कुठे नाही. मला सगळ्यात बोलका वाटतो तो अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचा, 2013 मध्ये छापून आलेला अभ्यास. 60 लठ्ठ व्यक्तींपैकी काहींना नुसतं मिठाचं पाणी टोचलं, बाकीच्यांना औषधाच्या वेगवेगळ्या मात्रा. औषधाच्या एका मात्रेने जठर खरोखरच मंदावलं. पण वजनात मिठाच्या पाण्यापेक्षा वेगळं काही घडलं नाही! भूक काही एकट्या जठराच्या हातात नसते. मेंदू, आतड्यातली संप्रेरकं आणि आपली सवय, सगळ्यांचा तिच्यावर हक्क.

तरीही जाहिराती थांबल्या नाहीत. फेब्रुवारी 2023 मध्ये तुर्कस्तानातल्या खासगी रुग्णालयांत वजनासाठी ही इंजेक्शनं घेतलेले लोक आजारी पडू लागले. तुर्कस्तान, जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड मिळून साठाहून अधिक रुग्ण नोंदले गेले, काहींना अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं. त्यांची लक्षणं केर्नरच्या पुस्तकातलीच होती.

म्हणून माझं उत्तर: वजनासाठी हे इंजेक्शन घेऊ नका. अमेरिकेच्या एफडीएनेही या कामासाठी त्याला मान्यता दिलेली नाही.

कुणी आधीच घेतलं असेल आणि पुढच्या काही दिवसांत, अगदी महिन्याभरातही, पापणी जड झाली, दोन-दोन दिसू लागलं, आवाज बदलला, गिळताना ठसका लागला किंवा दम लागला, तर अशक्तपणा समजून सलाईन लावून घेत बसू नका. यावरचं प्रतिविष लवकर दिलं तरच उपयोगी पडतं. व्हेंटिलेटरची सोय असलेलं रुग्णालय गाठा, आणि इंजेक्शनचा कागद सोबत न्या. औषधाचं नाव, युनिट आणि तारीख तिथल्या डॉक्टरांना लगेच लागेल.