पुण्याचे तीन सुधारक आणि त्यांचा देव

देव आहे की नाही, या प्रश्नाचा निकाल लावण्याची आमची ऐपत नाही. आणि फराळाच्या ताटाशी बसलेल्या वाचकाला तो आजच्या आज हवा असेल असेही वाटत नाही. मात्र त्याच्या शेजारचाच एक प्रश्न इतिहासाच्या आवाक्यातला आहे. देव मानणारा आणि देव न मानणारा, अशी दोन माणसे एकाच गावात, एकाच काळी, एकाच अन्यायासमोर उभी राहिली तर त्यांच्या वागण्यात फरक पडतो का, आणि पडलाच तर कोठे? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील पुण्याने या प्रश्नाचा जणू प्रयोगच करून ठेवला आहे. त्यात माणसे दोन नव्हे, तीन आहेत : महादेव गोविंद रानडे, जोतीराव फुले आणि गोपाळ गणेश आगरकर.

रानड्यांचा देव प्रेमळ होता. 1867 साली मुंबईत निघालेल्या प्रार्थना समाजाचे ते एक आधारस्तंभ. मूर्ती नाही, अवतार नाही, पण ज्याला हाक मारावी आणि ज्याने ती ऐकावी असा एक ईश्वर मात्र आहे, ही त्यांची निष्ठा. तुकोबांचे अभंग हा त्यांचा नित्याचा आधार होता. असा माणूस इतिहास वाचतो तेव्हा त्याला नुसत्या लढाया आणि तह दिसत नाहीत. 1900 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात त्यांनी संतांच्या कार्याला शिवकालाच्या पूर्वतयारीचे स्थान दिले. इंग्रजी राज्य आले तेही एका ईश्वरी योजनेतच बसते, असे त्यांना प्रामाणिकपणे वाटे. आज हे वाचताना आपण थोडे अवघडतो. पण त्यांच्या सहनशीलतेचे मूळ येथेच आहे. ज्याच्या मते जगाचा गाडा कोणी तरी हाकतो आहे, त्याला वाटेतल्या एका खड्ड्याने धीर सोडावासा वाटत नाही.

या सहनशीलतेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. 1873 साली त्यांची पहिली पत्नी वारली. विधवाविवाहाचा कैवारी आता स्वतः विधवेशी लग्न करणार, अशी मित्रांची अपेक्षा होती. वडिलांच्या आग्रहापुढे एकतीस वर्षांच्या माधवरावांनी मान तुकवली आणि अकरा वर्षांच्या कुमारिकेशी लग्न केले. पुढे त्यांनी रमाबाईंना शिकवले आणि त्या रमाबाई महाराष्ट्राला ठाऊक आहेत. पण त्यामुळे तो दिवस पुसला जात नाही. 1890 साली पंचहौद मिशनमध्ये चहा झाला, त्यावरून ग्रामण्य माजले, आणि अखेर रानड्यांनी प्रायश्चित्तही घेतले. आप्तमित्रांची ओढाताण थांबावी म्हणून घेतले हे खरे. परंतु काळ आणि ईश्वर आपल्या बाजूचे आहेत असे मानणाऱ्याला आजची माघार जरा स्वस्त वाटते, असे म्हटल्याशिवाय राहवत नाही.

जोतीरावांचाही ईश्वर एकच. त्यांनी त्याला नाव दिले ‘निर्मीक’, म्हणजे घडवणारा. हा देव रानड्यांच्या देवाइतका गोड बोलत नाही. त्याने जमीन, पाणी, उजेड सर्वांसाठी घडवले. तेव्हा कोणी दुसऱ्याला विहिरीवर येऊ देत नसेल तर तो निर्मीकाच्या मालाची चोरी करतो. आणि बाप व लेकरू यांच्यामध्ये दलाल कशाला? 1873 च्या सप्टेंबरात त्यांनी सत्यशोधक समाज काढला आणि भटजीवाचून लग्ने लावण्याचा प्रघात सुरू केला, तो याच एका विचारातून. त्यांचा ‘सार्वजनिक सत्यधर्म’ हा ग्रंथ मृत्यूनंतर 1891 साली छापून निघाला. त्यात स्त्री आणि पुरुष या दोघांचे हक्क त्यांनी या निर्मीकाच्याच नावाने मांडले आहेत. देवावरच्या श्रद्धेने माणूस नरम होतो असे म्हणणाऱ्यांनी जोतीरावांचे गद्य एकदा वाचून पाहावे. संतापाला इतका भक्कम आधार क्वचितच मिळतो.

हे दोघे एकेश्वरी 1875 साली एका रस्त्यावर एकत्र दिसले. स्वामी दयानंदांची पुण्यात मिरवणूक निघाली, सनातन्यांनी दंगा केला, चिखल उडाला. त्या मिरवणुकीत रानडे होते आणि तिच्या रक्षणासाठी जोतीराव आपली माणसे घेऊन चालत होते. परंतु दहा वर्षांनी रानड्यांकडून मराठी ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण आले तेव्हा जोतीरावांनी ते परखड पत्र लिहून नाकारले. एकच देव मानणारी माणसे एकाच सभेत बसतील असा नियम नाही.

आता आगरकर. कऱ्हाडजवळच्या टेंभूचे, 1856 चा जन्म, घरी दारिद्र्य. एम. ए. झाल्यावर मोठ्या पगाराची आशा धरू नको, असे त्यांनी आईला कळवले ते पत्र प्रसिद्धच आहे. मिल्ल आणि स्पेन्सर वाचून त्यांचे मन असे बनले की, या विश्वाच्या मुळाशी काय आहे ते माणसाला कळण्याजोगे नाही. आणि जे कळत नाही त्याच्या नावाने जिवंत माणसांना छळण्याचा अधिकार कोणालाच नाही. देव नाहीच, असा डांगोरा त्यांनी पिटला नाही. भीती, स्वप्ने, मेलेल्या पूर्वजांची आठवण यांतून देवतांची कल्पना कशी उपजली असावी, याचा मात्र शांतपणे विचार केला. पुण्याला त्या शांतपणाचाच जास्त राग आला असावा.

फरक नेमका कोठे पडला, ते संमतिवयाच्या वादात दिसते. मुलींचे संमतिवय दहावरून बारा करणारा कायदा 1891 साली झाला. त्यावेळी डॉ. भांडारकरांसारखे श्रद्धावान पंडित शास्त्रांतील वचने काढून सिद्ध करीत होते की धर्म या सुधारणेच्या आड येत नाही. टिळकांची भूमिका अशी की, लोकांच्या धर्मात आणि घरात परक्या सरकारने कायद्याने हात घालू नये. आगरकरांचा प्रश्न साधा होता : शास्त्रात उलट वचन निघाले असते तर? त्या मुलीच्या यातना तेवढ्याने कमी झाल्या असत्या काय? भांडारकर आणि आगरकर एकाच बाजूला होते, पण पहिल्याला पोथीची सही हवी होती, दुसऱ्याला नको होती. ती सही बहुसंख्य लोकांना हवी होती, म्हणून भांडारकरांचे काम कमी मोलाचे ठरत नाही; मात्र सही मिळेपर्यंत थांबण्याची तयारी आगरकरांजवळ नव्हती. दम्याने पोखरलेल्या माणसाला, ज्याच्या हिशेबात पुढचा जन्मही नाही आणि चुकले तर सावरणाराही कोणी नाही, थांबणे महाग पडते. 1888 च्या ऑक्टोबरात ‘सुधारक’ निघाला तेव्हापासूनच्या त्यांच्या लेखनातली घाई मला तरी अशीच समजते.

लोकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. हा माणूस घरी कसा होता? पत्नी यशोदाबाई श्रद्धाळू. त्यांच्या व्रतवैकल्यांना आगरकरांनी बंदी केली नाही. ज्याने लोकांना मतस्वातंत्र्य शिकवले त्याने ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी आवरून धरले नाही, ही गोष्ट मला त्यांच्या कित्येक निबंधांहून मोठी वाटते. घरोघरी देव मानणारे आणि न मानणारे एकाच पंक्तीला बसतात. दिवाळीत तर हमखास. नरकचतुर्दशीच्या पहाटे कोण श्रद्धेने उटणे लावतो आणि कोण नुसत्या सुवासासाठी, याची चौकशी शहाणी आई करीत नाही.

या तिघांचे धागे एकमेकांत गुंतले होते, हेही विसरू नये. 1882 साली कोल्हापूर प्रकरणात टिळक-आगरकरांवर खटला झाला आणि दोघांना डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढावे लागले. त्या खटल्यात जामीन राहण्यासाठी आपले स्नेही रामशेठ उरवणे यांना पुढे केले ते जोतीरावांनी. जामिनाच्या कागदावर कोणाचा देव कोणता, हा रकाना नव्हता.

जोतीराव 1890 च्या नोव्हेंबरात गेले. आगरकर 17 जून 1895 रोजी गेले, चाळिशीसुद्धा न गाठता. आपल्या अंत्यविधीचा कोणावर भार पडू नये म्हणून त्यांनी थोडे पैसे पुरचुंडीत बांधून उशाशी ठेवले होते, असे सांगतात. त्याच वर्षीच्या डिसेंबरात पुण्यात राष्ट्रीय सभा भरली. तिच्या मंडपात सामाजिक परिषद भरू देणार नाही, असा विरोधकांनी हट्ट धरला. रानडे भांडले नाहीत. त्यांनी परिषदेसाठी वेगळा मंडप घातला आणि ठरलेली कामे ठरल्याप्रमाणे पार पाडली. आगरकर असते तर त्यांनी दुसऱ्या दिवशी काय लिहिले असते याची कल्पना करता येते. पण ‘सुधारका’ची ती जागा तेव्हा रिकामी होती.