नांगराला दोष देण्याआधी

शेती आणि वनस्पतींची विविधता यांचे वैर जन्मजात आहे, असे हल्ली गृहीतच धरले जाते. युक्तिवाद सरळ वाटतो. निसर्ग एका जागी शेकडो जाती नांदवतो; माणूस तिथे नांगर घालतो, एक पीक पेरतो आणि बाकी सगळे तण म्हणून उपटून टाकतो. तेव्हा शेती जितकी जास्त, तितकी विविधता कमी. ती वाचवायची तर काही जमिनीवरून माणसाने हात पूर्ण काढून घ्यावा आणि उरलेल्या जमिनीतून जमेल तेवढे पीक काढावे. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. जंगल तोडून केलेल्या शेतात जंगलाची झाडे उरत नाहीत, हे कोणीही मान्य करील. पण त्यावरून काढलेला सरसकट निष्कर्ष दोन गृहीतकांवर उभा आहे: माणसाने हात काढला की विविधता आपोआप परतते, आणि शेती ही सगळीकडे एकाच प्रकारची क्रिया आहे. दोन्ही तपासली की लटकी पडतात.

पहिल्याची परीक्षा इंग्लंडमध्ये एका शेतात सव्वाशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे. रोथॅमस्टेडच्या संशोधन केंद्रातील ब्रॉडबाल्क शेतात १८४३ पासून गव्हाचा प्रयोग होतो. १८८२ साली या शेताच्या एका टोकाचा सुमारे अर्ध्या एकराचा तुकडा उभ्या पिकासकट कुंपण घालून सोडून दिला. चार वर्षांत गव्हाची मोजकी खुरटी रोपे उरली, मग तीही गेली. पुढे या तुकड्याच्या एका भागात उगवेल ते उगवू दिले. दुसऱ्या भागात झाडाझुडपांची रोपे तेवढी नेमाने काढून टाकली. पहिल्या भागात आज ओक, अॅश यांचे वन आहे आणि दाट सावलीत जमिनीवर आयव्हीची वेल पसरली आहे. ज्या भागात माणसाचा हात फिरत राहिला, तिथे गवते आणि लहान फुलझाडांच्या पुष्कळ जाती एकत्र नांदतात. नुसते सोडून दिल्याने वन मिळाले, पण शेताच्या आश्रयाने जगणाऱ्या वनस्पती हरवल्या.

असे का होते, हे आपल्या काळ्या रानात पावलापावलाला दिसते. कुंजर, केना, माठ, घोळ, पाथरी, चाकवत या बहुतेक वर्षभरात संपणाऱ्या वनस्पती आहेत. त्यांचे बी मातीत वर्षानुवर्षे पडून राहते आणि कुळवाने माती हलली, ऊन-पाणी मिळाले की उगवते. मृगाच्या पावसानंतर वाफसा येताच उगवणारी तणे वेगळी, पहिल्या कोळपणीनंतर उगवणारी वेगळी, आणि खरिपाचे पीक काढून रब्बीसाठी रान तयार केल्यावर उगवणारी आणखी वेगळी. चाकवत जुलैत शोधून सापडायचा नाही. म्हणजे मशागतीची प्रत्येक पाळी कोणाला तरी हटवते आणि दुसऱ्या कोणाला तरी जागा करून देते. बांधाचे गणित आणखी निराळे. तिथे नांगर जात नाही, पण विळा जातो आणि गुरांचे तोंडही जाते. गणपतीच्या एकवीस पत्रींतली नावे आठवून पाहा: आघाडा, माका, धोत्रा, डोरली, दूर्वा. घनदाट अरण्यात कोणी ही पत्री शोधायला जात नाही. ती मिळते बांधावर, पाटाच्या ओलीत आणि उकिरड्याच्या कडेला. आपण कौतुकाने ज्यांना रानभाज्या म्हणतो, त्यांतल्याही कितीतरी मशागतीच्या मातीतल्याच आहेत.

कोणी म्हणेल, पाच-पंचवीस तणांची अरण्याशी तुलना कसली? तुलना झालेली आहे, आणि ती दोन्ही पक्षांना शहाणे करणारी आहे. जगभरातल्या वनस्पती-समृद्धीचे विक्रम २०१२ साली एकत्र मांडले गेले. शंभर चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या तुकड्यांवर उष्ण कटिबंधातील वर्षावने पहिली आली. त्याहून लहान तुकड्यांवर मात्र गवताळ जमिनी पुढे निघाल्या, आणि त्याही बहुतेक माणसाने पिढ्यान्‌पिढ्या गुरे चारून किंवा गवत कापून राखलेल्या. अर्जेंटिनातल्या डोंगरी चराऊ कुरणात एका चौरस मीटरात ८९ जाती मोजल्या गेल्या. अरण्याची जागा शेत घेऊ शकत नाही हे यातून सिद्ध होते. माणसाचा हात लागला की विविधता घटतेच, हे मात्र सिद्ध होत नाही.

आता दुसरे गृहीतक. रोथॅमस्टेडलाच पार्क ग्रास नावाचे कुरण आहे. १८५६ साली ते सगळीकडे सारखेच होते. तेव्हापासून त्याचे वाफे पाडून प्रत्येकाला वेगळे खत दिले जाते. गवत मात्र सगळ्यांचे कापले जाते. काहीही खत न दिलेल्या वाफ्यांत आज चाळिसाच्या आसपास जाती आहेत. चुना न घालता अमोनियम सल्फेट भरपूर दिलेल्या वाफ्यांत दोन-तीनच उरल्या. कुरण तेच, माती मुळात तीच, कापणारे हात तेच. नत्राच्या जोरावर काही गवते उंच वाढली आणि त्यांनी बाकीच्यांचा उजेड बंद केला. मातीचा आंबटपणा वाढला तो आणखी जातींना सोसवला नाही. वाफ्यांतला हा फरक शेती केली म्हणून पडलेला नाही. शेती कशी केली, यावरून पडला आहे.

महाराष्ट्रात हाच फरक एका पिढीच्या डोळ्यांदेखत घडला. विदर्भात कपाशीत तुरीचे तास असत. ज्वारीत मूग, उडीद, चवळी असे. कडेने अंबाडी आणि तीळ. प्रत्येक पिकाची उंची वेगळी, सावली वेगळी, काढणीचा महिना वेगळा, म्हणून त्यांच्या पायाशी उगवणारेही वेगवेगळे. आज राज्यात ४० लाख हेक्टरांहून अधिक जमिनीवर सोयाबीन असते. बहुतेक सगळे एकाच सुमारास पेरले जाते, त्यावर एकसारखे तणनाशक पडते आणि ते एकदमच काढले जाते. रुंद पानांच्या तणांवरचे औषध रुंद पानेच मारते आणि गवते मोकाट सुटतात. ग्लायफोसेट बहुतेकांना मारते, पण केन्याला ते पुरते लागू पडत नाही. म्हणून तेच ते फवारत राहिले की शेतात केना माजतो. शेतकऱ्याच्या पदरी तण पडायचे ते पडतेच, फक्त त्याचे प्रकार घटतात आणि उरतात ते सर्वांत चिवट.

इथे एक गंमत लक्षात येते. शेतीला निसर्गाचा शत्रू मानणारा पर्यावरणवादी आणि "स्वच्छ रान हेच चांगले रान" असे सांगणारा कृषी सल्लागार एकमेकांचे विरोधक समजले जातात. प्रत्यक्षात शेत फक्त पिकासाठी असते, यावर दोघांचेही एकमत आहे. म्हणूनच एक अभयारण्याचे कुंपण मागतो आणि दुसरा फवारणीचा पंप देतो.

सल्लागाराचा आक्षेप मात्र टाळून चालणार नाही. तणाने उत्पन्न बुडते आणि निंदणाची मजुरी परवडत नाही, हे तो म्हणतो ते खरेच आहे. निंदण म्हणजे बायकांचे दिवसदिवस वाकून केलेले काम. विविधतेच्या नावाखाली ते त्यांच्या पाठीवर पुन्हा लादायचे असेल, तर असल्या विविधतेचे गोडवे गाऊ नयेत. पण सोयाबीनला तणाचा खरा उपद्रव पहिल्या महिना-दीड महिन्यात होतो. त्या काळात दोन ओळींतले तण कोळपणीने, बैलाच्या किंवा यंत्राच्या, मारता येते. पुढे उगवणाऱ्याचा पिकाला फारसा त्रास नसतो आणि बांधावरच्या वनस्पतींचा तर नसतोच. तरीही बांधावर फवारणी होते, ती बहुधा चार लोकांत रान स्वच्छ दिसावे म्हणून. शिवाय फ्रान्समधल्या हिवाळी तृणधान्यांच्या शेतांवरचा २०१९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की तणांमध्ये जितकी विविधता, तितकी उत्पन्नातली घट कमी. एखादेच तण माजले की ते पिकाशी थेट झुंजते; अनेक असली की कोणा एकाचे राज्य होत नाही.

या वनस्पतींचा उपयोग काय, हा दुसरा आक्षेप. १९७० च्या दशकात आशियातल्या भातावर ग्रासी स्टंट नावाचा विषाणुरोग आला. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने हजारो वाण तपासले. प्रतिकारशक्ती सापडली ती उत्तर प्रदेशातून आणलेल्या ओरायझा निवारा या जंगली भाताच्या नमुन्यात. आयआर-३६ सारख्या वाणांत ती उतरवली गेली. हा भात दुर्गम अरण्यातला नाही; तो डबक्यांत, चरांत आणि भातखाचरांच्या कडेला उगवतो. कोकणातले देवभात त्याच गोतावळ्यातले. चर बुजवले आणि डबक्यांत भर घातली की अशी ठेव कोणाच्या ध्यानातही न येता जाते.

आणि शेती थांबली तर? चाकरमान्याने पाठ फिरवलेल्या कोकणातल्या वरकस जमिनीवर मूळचे अरण्य हाकेसरशी परत येत नाही. आधी येते ती रानमोडी आणि घाणेरी. गोव्यात खाडीकाठच्या खाजण शेतांचे बांध फुटले, तिथे खारफुटी शिरली आणि खारे पाणी सोसणारा कोरगुट भात मागे हटला. खारफुटीलाही मोल आहे. पण एक गेले आणि दुसरे आले, हा हिशेब तरी मांडायला हवा.

देवराया, सडे, मूळची वने यांना नांगरापासून राखलेच पाहिजे. त्यांच्या वनस्पती शेतात वस्तीला येणार नाहीत. तेवढे राखले की बाकीच्या जमिनीचे काहीही झाले तरी चालेल, हे मात्र कबूल करता येत नाही. राज्याची निम्म्याहून अधिक जमीन लागवडीखाली आहे आणि तिथे काय उगवेल हे पेरणीची पद्धत, खताची मात्रा, बांधाची रुंदी आणि फवारणीची वेळ ठरवते. म्हणून विविधतेचा विचार वनखात्यावर सोपवून भागणार नाही. तो पीकविम्यात, हमीभावात आणि कृषी सहायकाच्या शिफारशीत यायला हवा. ज्वारीतल्या मुगाला सोयाबीनइतका भरवशाचा बाजार मिळाला, तर एकाही वनस्पतीच्या नावाने योजना न काढता शेतातल्या कितीतरी जाती जगतील.