बरणीत मुरलेला इतिहास

मराठीत 'मुरणे' या क्रियापदाचा संसार मोठा आहे. लोणचे मुरते, पाऊस जमिनीत मुरतो, अपमान मनात मुरतो आणि एखाद्या विद्येत आयुष्य घालविलेल्या माणसालाही आपण मुरलेला म्हणतो. मुरण्याला बंद जागा लागते, काळ लागतो आणि डोळ्यांना न दिसता आतल्या आत होणारा पालट लागतो. कैरी मिठात मुरते, आवळा साखरेत मुरतो, हे आपण कौतुकाने सांगतो. फळ ब्रँडीतही मुरते. पण ही मुरवण आपल्या खाद्येतिहासात सहसा नोंदली जात नाही. ती साहेबाची, फार तर गोव्याकडच्या वा छावणीतल्या ख्रिस्ती घरांची, असे म्हणून आपण पुढे जातो. ही समजूत कितपत खरी आहे, हे बंगळूरच्या एका बरणीच्या आधाराने तपासून पाहण्याजोगे आहे.

बंगळूरच्या वायव्येस, तुमकूर रस्त्यालगत पीण्या औद्योगिक क्षेत्र पसरले आहे. पुण्याहून सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी अशी गावे घेत येणारा महामार्ग शहरात शिरतो तो या क्षेत्राला खेटूनच. लेथ यंत्रांची घरघर आणि कापल्या जाणाऱ्या लोखंडाचा वास हीच या परिसराची ओळख. येथल्याच साध्या शेडमध्ये १९७० च्या दशकाच्या आरंभी उडुपी रामचंद्र राव यांच्या नेतृत्वाखाली 'आर्यभट' हा भारताचा पहिला उपग्रह जुळविला गेला आणि १९ एप्रिल १९७५ रोजी तो सोव्हिएत अग्निबाणाने आकाशात गेला. त्याच १९७५ साली बंगळुरात नाताळच्या केकचे वार्षिक प्रदर्शन सुरू झाले. नीलगिरीज या जुन्या दुग्धालय-बेकरीने आरंभिलेल्या त्या प्रदर्शनाने २०२४ मध्ये पन्नासावी आवृत्ती पाहिली. या दोन घटनांचा परस्परसंबंध नाही. परंतु बाहेरून आलेली विद्या स्थानिक हातांनी आपलीशी करण्याची या शहराची जी रीत आहे, तिची ही दोन टोके म्हणता येतील.

या केकचे मर्म ब्रँडीत किंवा रममध्ये भिजत ठेवलेल्या फळांत आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, काही घरांत तर वर्षभर आधी, फळे चिरून बरणीत भरतात, त्यांवर ब्रँडी ओततात, झाकण घट्ट लावतात आणि अधूनमधून बरणी हलवून ठेवतात. या बरणीत काय असते? प्लम केकमध्ये प्लम नसतो. जुन्या इंग्रजीत 'प्लम' म्हणजे मनुका. तेव्हा मुख्य फळ बेदाणा. तो बहुधा सांगली-तासगावचा, म्हणजे पीण्यावरून जाणाऱ्या त्याच महामार्गाच्या मुलखातला. तासगाव तालुक्यातील बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी आपल्या मळ्यात निवडलेली 'तास-ए-गणेश' ही द्राक्षाची जात महाराष्ट्राच्या बागांतून पसरली आणि सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. केकमध्ये जी तांबडी 'चेरी' लाडाने शोधली जाते, ती आपल्या देशात पुष्कळदा पाकवून रंगविलेले करवंद असते. सह्याद्रीची डोंगराची काळी मैनाच ती, वेष पालटलेली. टूटीफ्रूटी म्हणजे कच्च्या पपईच्या फोडी. उरली संत्र्याची साल, खजूर, सुके अंजीर आणि आले. ज्या बरणीला आपण विलायती म्हणतो, तिच्यात विलायतेचे असे फळ जवळजवळ नाहीच.

या मुरवणीमागचे शास्त्र सोपे आहे. आपल्याकडच्या ब्रँडीत साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असते. सुक्या फळात पाणी थोडे, म्हणून ते ब्रँडी शोषून फुगते आणि ब्रँडीची तीव्रता फारशी घटत नाही. ताज्या फळाचे उलट : त्यात पाणीच अधिक. फळ आणि ब्रँडी समभाग घेतली, तर मुरल्यावर मिश्रणाची तीव्रता निम्म्यावर, वीस टक्क्यांच्या आसपास उतरते. किण्व आणि बुरशी यांचा तेथे निभाव लागत नाही, पण याहून खाली उतरणे धोक्याचे. म्हणून ताज्या फळांना साखरेची जोड देतात. जर्मनीतल्या 'रुमटोफ' या मातीच्या भांड्यात उन्हाळ्यापासून जे जे फळ हंगामात येईल ते साखरेसह रममध्ये थरावर थर घालीत जातात आणि नाताळच्या सुमारास भांडे उघडतात. एका वर्षाचे सारे ऋतू एका चमच्यात येतात. ते फळ पुडिंगवर, ट्रायफलच्या थरांत किंवा नुसत्या आइस्क्रीमवर वाढले, की आधी थंड गोडवा जाणवतो, मग फळ दाताखाली फुटते आणि शेवटी घशाशी मंद ऊब उरते.

मद्याने फळ टिकते हे ज्ञान तरी आपल्याला परके होते काय? चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चौऱ्याऐंशी आसवांची गणना आहे. त्यांपैकी सव्वीस फळांपासूनची असून त्यांत द्राक्ष आणि खजूर आहेत. बंगळूरच्या बरणीतली दोन प्रमुख फळे ती हीच. आसवारिष्टांत धायटीची फुले, मध किंवा गूळ घालून भांड्याचे तोंड लिंपून ठेवतात. आतल्या आत अल्कोहोल तयार होते आणि तेच औषधाला टिकवते. ब्रँडीच्या बरणीत अल्कोहोल बाहेरून घातले जाते, आसवात ते स्वतः जन्मते, हा भेद खरा. ब्रँडी ही ऊर्ध्वपातनाने काढलेली, 'जाळलेली मदिरा'. त्या अर्थाच्या डच शब्दावरूनच तिचे नाव आले. परंतु बंद भांडे, गोड फळ, मद्य आणि काळ हे चौघे दोन्हीकडे तेच आहेत. 'मुरांबा' हा शब्दही अरबी 'मुरब्बा'वरून आला. त्याच्या मुळाशी वाढविणे, जोपासणे हा अर्थ. आपण त्यात आपला आंबा ऐकला आणि तो शब्द आपला झाला.

युरोपीय पाकविद्या दक्षिणेत रुजली ती राजवाडे, छावण्या आणि बंदरे यांच्या वाटेने. शहाजीराजांच्या काळापासून बंगळूरशी मराठीचे नाते आहे. त्यांचे पुत्र व्यंकोजी यांनी पुढे तंजावरला राज्य स्थापिले. त्याच वंशातील दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळात 'सरभेंद्र पाकशास्त्र' मराठीत लिहिले गेले आणि त्यांच्या मुदपाकखान्यात इंग्रजी पाकाचीही व्यवस्था होती. बंगळूरची छावणी १८०९ मध्ये वसली. इंग्रज गृहिणींसाठी लिहिलेल्या पाकग्रंथांनी, विशेषतः १८६१ च्या मिसेस बीटन यांच्या ग्रंथाने, ब्रँडी घातलेल्या नाताळच्या पुडिंगला घरोघर नेले. हिंदुस्थानात मात्र ते घडविणारे हात खानसाम्यांचे आणि बटलरांचे होते. मलबारातील तलशेरीची कथा प्रसिद्ध आहे. १८८३ च्या नाताळात मर्डोक ब्राउन या मळेवाल्याने विलायतेहून आणलेला केक मांबळी बापू यांना दाखविला आणि तसाच करण्यासाठी माहेहून फ्रेंच ब्रँडी आणण्यास सुचविले. बापूंनी ती न आणता काजूची बोंडे आणि केळी यांची स्थानिक दारू वापरली, असे त्या घराण्याची परंपरा सांगते. मळेवाल्याने तो केक नावाजला. नमुना साहेबाचा, पण मुरवण बापूंची.

येथून हा इतिहास अवघड वळण घेतो. मुंबई राज्यात १९४९ च्या दारूबंदी कायद्याने आणि एप्रिल १९५० पासून लागू झालेल्या संपूर्ण दारूबंदीने घरातली ब्रँडीची बाटली हा गुन्हा ठरला. कायद्यातील मद्याची व्याख्या इतकी व्यापक होती की अल्कोहोलयुक्त औषधेही तिच्या कक्षेत येत. १९५१ मध्ये मुंबई राज्य विरुद्ध बलसारा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने औषधे व प्रसाधने यांच्यापुरती ही बंदी अवैध ठरविली. पिण्याच्या मद्यावरील बंदी कायम राहिली. मद्य औषध म्हणून चालेल, आस्वाद म्हणून नाही, अशी ही वाटणी होती. न्यायालयाने ती कायद्यात मांडण्यापूर्वीच आपल्या घरांनी ती केली होती. द्राक्षासवाची बाटली देवघराशेजारच्या फळीवर उघड राही. बाळंतिणीला वा सर्दीने बेजार मुलाला चमचाभर ब्रँडी दिली जाई, पण ती बाटली कपाटात मागे असे. फळे भिजवायला तीच बाटली काढणे म्हणजे मात्र धर्म आणि अब्रू बुडणे. वस्तू एकच, नावे दोन. आणि स्वीकार वस्तूचा नव्हे, नावाचा.

मुंबईत ही बंदी येत असतानाच, १९४८ साली, राधाकृष्ण जगदाळे यांनी बंगळुरात अमृत डिस्टिलरीज ही मद्यनिर्मितीची संस्था स्थापिली. जगदाळे हे आडनाव मराठी वाचकाला ओळखीचे वाटावे. 'सिल्व्हर कप' ही ब्रँडी तिच्या पहिल्या उत्पादनांपैकी. पुढे २००४ मध्ये याच संस्थेने आपली सिंगल माल्ट व्हिस्की स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे विक्रीस नेली. भारतीय ब्रँडीपैकी बरीचशी शुद्ध द्राक्षाची नसते. उसाच्या मळीपासून काढलेल्या अल्कोहोलात द्राक्षाच्या मद्यार्काचा अंश मिसळून ती बनते. म्हणजे बरणीत फळांवर जो द्रव ओतला जातो, तोही आपल्या परिचयाच्या उसाचाच दूरचा नातलग. ज्या मुलखाने बेदाणा पिकविला, ऊस वाढविला आणि करवंदांच्या जाळ्या राखल्या, त्याच्या स्वयंपाकघरात ही बरणी लाजत राहिली. शेजारच्या शहरात ती दर डिसेंबरात सन्मानाने उघडली गेली.

या इतिहासाचे लिखित साधन तुटपुंजे आहे. ज्या बटलरांनी, बेकरीतल्या कामगारांनी आणि छावणीतल्या गृहिणींनी बरण्या भरल्या, त्यांनी प्रमाणे लिहून ठेवली नाहीत. ती हाताच्या अंदाजात राहिली. मद्याच्या व्यसनाने मोडलेले संसार हे आपल्या समाजाचे सत्य आहे आणि दारूबंदीमागची तळमळ त्या सत्यातूनच आली होती, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु ती तळमळ आणि एका मुरवणीविषयीची लाज या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीचा आदर राखून दुसरी तपासता येते. तसे केले तर बंगळूरच्या त्या बरणीत साहेबाची केवळ रीत सापडते; माल आपल्या मातीचा, ज्ञान चरकाच्या काळापासून ओळखीचे आणि कष्ट अनामिकांचे. बाहेरून आलेली रीत दोन शतके बंद झाकणाखाली राहिली, तिने भोवतालचा रस शोषला आणि तिचे परकेपण सरले. मराठीत याला मुरणे म्हणतात.