घसासूज, वारंवार येणारी : अठराव्या शतकातील उपचार

घशातल्या गाठी किंवा पडजीभ पुन्हापुन्हा सुजणे, गिळताना दुखणे, आवाज बसणे, या विकाराची रोगजंतूंचा शोध लागण्यापूर्वीची चिकित्सा. सुश्रुतसंहितेत मुखरोग ६५, त्यांतले १७ कंठाचे. सुजलेल्या पडजिभेला तिथे ‘गलशुण्डिका’ आणि घशाजवळच्या गाठीसारख्या सुजेला ‘तुंडिकेरी’ म्हटले आहे. हा ग्रंथ आणि वाग्भटाचे अष्टांगहृदय यांवर मराठी वैद्यांची भिस्त असे.

पहिला उपाय कवलाचा. वेखंड, अतिविष, कुटकी आणि कडुनिंबाचा काढा तोंडात घेऊन खळखळवायचा, नाकाडोळ्यांतून पाणी येऊ लागले की थुंकायचा. मग मिरी, वेखंड यांची पूड मध-मिठात कालवून बोटाने सुजेवर चोळायची.

घशाच्या उपचारांतल्या दोन वस्तू, मीठ आणि कात, कोकणातल्या पेण-रोह्याच्या परिसरातल्याच. पेणच्या खाडीकाठी मिठागरे, तर आसपासच्या डोंगरांत खैर. कातकरी खैराचा लाल गाभा तासून त्याच्या चिपा मडक्यांत उकळत, पाणी आटवून दाट करत आणि वाळवून काताच्या वड्या पाडत. कात तुरट असल्याने सुजलेली त्वचा आवळते. खदिरादी गुटिका तोंडात धरून चघळण्याचा उपाय खैराच्या याच गुणावर उभा आहे.

औषधाने भागले नाही, तर शस्त्र. पडजीभ अंगठा आणि बोटाच्या चिमटीत ओढून तिचा फक्त तिसरा भाग कापावा, असे सुश्रुत बजावतो. जास्त कापल्यास रक्तस्रावाने रोगी दगावतो. कमी कापल्यास सूज आणि लाळ वाढते. मापाचा इतका काटेकोर आग्रह हे या चिकित्सेचे मोठे बळ आहे.

युरोपातही घसा हा मोठा प्रश्न होता. लंडनच्या जॉन फॉदरगिल यांनी व्रणयुक्त घसादुखीवर १७४८ मध्ये पुस्तक लिहिले. युरोप-अमेरिकेत रक्तमोक्षणाचा, म्हणजे शरीरातून रक्त काढण्याचा, सोसही टिकून राहिला. डिसेंबर १७९९ मध्ये अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांचा घसा सुजला, तेव्हा त्यांचे सुमारे अडीच लिटर रक्त काही तासांत काढले गेले. श्वासनलिकेला छेद देण्याची तरुण डॉक्टर एलिशा डिक यांची सूचना सहकाऱ्यांनी मानली नाही. त्याच रात्री वॉशिंग्टन वारले.

कवलाने त्या दिवसाचा ठणका शमे, पुढची सूज मात्र टळत नसे. बऱ्याचदा हा विकार विषाणूंमुळे होतो व आपोआप बरा होतो. पण स्ट्रेप्टोकोकस जंतूची बाधा उपचाराविना राहिल्यास काही मुलांत संधिवाती ताप येऊन हृदयाच्या झडपा बिघडतात. त्यावरचे पेनिसिलिन पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये १९५५ पासून तयार होऊ लागले.